आतला मंगळवार

माझ्या आईच्या मुलुंडच्या घरात दोन संगणक आहेत, पण टेबलावर दिसतो एकच. दुसरा त्याच्या पोटात आहे आणि तो मीच बसवलेला आहे. माझ्या धंद्यात त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खऱ्या संगणकाच्या पडद्यावर एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत दुसरा एक अख्खा संगणक चालतो, नुसत्या प्रोग्रॅमचा बनलेला. पप्पांना एवढं लांबलचक नाव मान्य नव्हतं. ते त्याला 'आतला' म्हणायचे. मग टेबलावरचा आपोआप 'बाहेरचा' झाला, आणि घरात तीच नावं पडली.

त्या दिवशी सकाळी मी अंधेरीच्या ऑफिसात नुकतीच टेकले होते. आईचा फोन आला.

"आतला अडकलाय गं."

माझं काम सपोर्टचं. दिवसभर लोक मला फोन करून सांगतात की त्यांचं काहीतरी अडकलंय, आणि मी मनात वैतागून तोंडाने गोड बोलते. आई ही एकच गिऱ्हाईक अशी, जिच्यावर मला तोंडानेही वैतागता येतं.

"आता काय केलंस?"

"काही नाही बाई. ते विचारत होतं ना, नवीन घालू का म्हणून. तूच म्हणतेस ना, अपडेट म्हटलं की हो म्हणायचं, पुढे ढकलायचं नाही. मी हो म्हटलं. मग बाहेरचा सगळा नवा झाला. मग आतला ज्यात उघडतो त्या प्रोग्रॅमचंपण तसंच विचारलं. त्यालाही हो म्हटलं."

मी डोकं धरलं. हे वाक्य मी उपनगरातल्या अर्ध्या नातेवाइकांना ऐकवलेलं आहे. एकानेही कधी ऐकलेलं नाही. ऐकलं ते नेमकं आईने, आणि नेमकं त्या संगणकावर.

"आई, हात लावू नकोस. मी येते."

साहेबांना घरी अडचण आहे म्हणून सांगितलं आणि उठले. एका सोसायटीच्या अर्धवट नोटिसीसाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकत होते, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते?

पप्पा मूळचे छापखान्यातले. घाटकोपरला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छापखाना होता, तिथे ते शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. एकेक अक्षर उचलायचं, उलटं वाचायचं, ओळ उभी करायची, यात त्यांचं तरुणपण गेलं. पुढे खिळे भंगारात गेले, मालकाने संगणक आणला आणि पप्पा चाळिशीत मराठी टायपिंग शिकले. त्या काळच्या एका प्रोग्रॅमवर त्यांचा हात असा काही बसला की नंतर जग बदललं, हे बदलले नाहीत. निवृत्त झाल्यावर घरीच लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, गावच्या मुंबईकर मंडळाची पत्रकं आणि सोसायटीच्या नोटिसा करून द्यायचे. नोटिसांवर त्यांचा विशेष जीव. पार्किंगची नोटीससुद्धा अशी देखणी करायचे की लोक वाचून कौतुक करायचे आणि गाडी तिथेच लावायचे.

जुना संगणक मेला तेव्हा नव्यावर तो प्रोग्रॅम चालेना. मी म्हटलं, "पप्पा, आता फोनवरसुद्धा मराठी लिहिता येतं. शिका की." त्यांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "जोडाक्षरं बघ जरा. पोट फुगल्यासारखी दिसतात." मीच हात टेकले. नव्या संगणकाच्या आत जुन्या जमान्याचा एक संगणक उभा करून दिला, त्यात त्यांचा लाडका प्रोग्रॅम घातला. जुनी सिस्टीम, व्हायरसची भीती, म्हणून त्याला इंटरनेट जोडलं नाही.

हा आतला बंद करताना तो विचारतो, पूर्ण बंद करू की आहे तसा गोठवू? गोठवला तर पडद्यावर जे जसं असेल ते तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी उघडलं की तेच पान, तीच ओळ, कर्सरसुद्धा तिथेच लुकलुकत असतो. पप्पांना हे दाखवलं आणि ते खुर्चीतून उठलेच.

"अगं, हे तर आमचंच!"

छापखान्यात संध्याकाळ झाली की अर्धवट जुळवलेला मजकूर ते दोरीने घट्ट बांधून ठेवायचे आणि सकाळी दोरी सोडून पुढचं अक्षर लावायचे. त्यामुळे गोठवण्याला ते 'बांधून ठेवणं' म्हणायला लागले. आणि त्या दिवसापासून फाइल सेव्ह करणं त्यांनी सोडून दिलं. काम छापून झालं की खिळे मोकळे करतात, तसं ते पान पुसायचे आणि त्याच पानावर पुढचं काम घ्यायचे. मी ओरडायचे, "पप्पा, सेव्ह करा, एक दिवस सगळं जाईल." त्यावर एकच उत्तर. "बांधून ठेवलंय ना? मग कुठे जाईल?"

गेल्या वर्षी एका मंगळवारी दुपारी ते सोसायटीची नोटीस करत बसले होते. दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी साफ व्हायची होती. चारच्या सुमारास आईने चहाला हाक मारली. उठेनात, तेव्हा म्हणाली, "निवतोय हां चहा. मी परत गरम करणार नाही." मग त्यांनी वाक्य तिथेच सोडलं, आतला बांधून ठेवला आणि उठले. चहा प्यायले. थोडं पडतो म्हणाले. दिवेलागणीला छातीत दुखायला लागलं, सातच्या सुमारास शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं, आणि मी मालाडच्या माझ्या घरून हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्यांचं बोलणं बंद झालं होतं. त्याच रात्री ते गेले.

टाकीची सफाई सोसायटीने पुढे ढकलली. ज्या इमारतीत मयत झालंय तिथलं पाणी कोण तोडणार? ती नोटीस लागलीच नाही.

तेराव्यानंतर नातेवाईक पांगले, मीही माझ्या घरी गेले. दर रविवारी यायचे. एका रविवारी दुपारी जरा आडवी झाले होते. उठून बघते तर आई त्या टेबलाशी बसलेली. आतला उघडलेला. पडद्यावर ती नोटीस, आणि शेवटच्या शब्दापुढे कर्सर लुकलुकतोय. आईने कशाला हात लावला नव्हता. हात मांडीवर ठेवून ती नुसती बघत होती.

"तुला हे उघडता येतं?"

"इतकी वर्षं मागे उभी राहून बघत नव्हते का?" ती म्हणाली. मग बोटाने खालचा कोपरा दाखवला. "तिकडे बघ. अजून मंगळवारच आहे."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. आतल्याला इंटरनेट नाही, त्यामुळे त्याचं घड्याळ जगाशी जुळत नाही. गोठवला की ते थांबतं, उघडला की थांबल्या जागेवरून पुढे चालायला लागतं. पप्पा रोज बसल्याबसल्या ते हाताने जुळवून घ्यायचे, तसं त्या मंगळवारीही जुळवलं होतं आणि चारला उठले होते. त्यानंतर आई जेवढा वेळ रोज उघडून बसली होती तेवढंच ते पुढे सरकलं होतं. बाहेर महिना उलटला होता आणि त्या खिडकीत पप्पांची तीच दुपार चालू होती.

आई तिथे फार वेळ बसायची नाही. कर्सर बघायची, नोटीस एकदा वाचायची आणि बांधून ठेवायची. का, ते तिने मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता. "सात वाजायला नकोत तिकडे. पुरवून पुरवून वापरते." मी उठून उगाच बाल्कनीत गेले, कपडे वाळले का बघायला.

नंतर मी, शेवटी मी सपोर्टवालीच, तिला तोडगा सुचवला. म्हटलं, "आई, घड्याळ मागे घेता येतं. मी परत चार करून देते. रोज करून देईन."

"नको," ती म्हणाली. "तुझ्या हाताने मागे घेतलेली वेळ माझ्या काय कामाची?"

वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं आणि तिकडे साडेसहा होऊन गेले होते. नेमका तेव्हा तो अपग्रेड आला.

मी पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. मी चप्पल काढून सरळ टेबलाशी बसले. आतला उघडायला घेतला. 'पूर्वस्थितीत आणत आहे' अशा अर्थाची एक पट्टी आली, भराभर भरत गेली, शेवटाला आली आणि तिथेच थांबली. मागे काळी खिडकी. बाहेरच्याचा पंखा दम लागल्यासारखा घरघरायला लागला. बराच वेळ गेला तरी पट्टी हलली नाही.

बिघडलेल्या वस्तूला हात लावण्याआधी तिची नक्कल काढून ठेवायची, हा आमचा पहिला नियम. आतला म्हणजे शेवटी एक फोल्डरच. तो बाजूला कॉपी करून ठेवला आणि मग कामाला लागले. मेमरी वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. सेटिंग बदलून पाहिली. प्रोग्रॅम स्वतःच्या कामाची जी नोंद ठेवतो ती उघडून वाचली. दर वेळी तो त्याच ओळीवर मुका होत होता. अर्थ उघड होता. जुन्या आवृत्तीने बांधलेली गाठ नव्या आवृत्तीला सुटत नव्हती.

मग जुनं परत आणायचं. रविवारी येऊन बाहेरचा मागच्या सिस्टीमवर नेला, त्यावर जुनी आवृत्ती शोधून बसवली. मला खात्री होती की आता उघडणार. आईला हाक मारून बाजूला बसवलंसुद्धा. तर यावेळी पट्टीही आली नाही. गोठवलेली फाइल खराब आहे, असा एका ओळीचा निरोप आला आणि खिडकी मिटली.

"आई, त्या दिवशी अडकल्यावर तू नक्की काय केलंस?"

"काय करणार? हलेचना. मग स्विच बंद केला आणि परत चालू केला. टीव्हीचं करते तसं."

अडकलेल्या पट्टीच्या मध्यातच वीज गेली होती आणि फाइल तिथेच तुटली होती. नुसता अपग्रेड असता तर मी त्यातून बाहेर काढलं असतं. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि हे आईला आयुष्यात कधी सांगायचं नाही हेही त्याच क्षणी ठरलं.

"माझ्यामुळे झालं ना गं?" तिने विचारलंच.

"नाही. अपग्रेडमुळे झालं. आणि अपग्रेडला हो म्हण असं मीच सांगितलं होतं. तू कुठे मध्ये आलीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की तिला ते पटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

तरीही मी आणखी धडपडले. बाहेरचा परत नव्या सिस्टीमवर आणून ठेवला. तुटलेली फाइल ऑफिसात नेली, जेवणाच्या सुट्टीत उघडून बघत बसायचे. माझ्या शेजारी बसणारा सहकारी माझ्यापेक्षा हुशार आहे आणि ते त्याला माहीत आहे. त्याने एक दिवस खुर्ची माझ्याकडे ओढली, सगळं पाहिलं आणि म्हणाला, "अगं, डिस्कार्ड मार ना यार. डिस्क शाबूत आहे, नुसती गोठवलेली अवस्था गेलीय. ती फेकून दे, मशीन झकास चालू होईल."

"ती अवस्थाच पाहिजे मला."

"का? काय होतं एवढं त्यात?"

"सोसायटीची नोटीस. पाण्याची टाकी साफ करायची होती."

तो खो खो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि हसू अर्ध्यात राहिलं. त्याला माझे पप्पा गेल्याचं माहीत होतं. त्याने काही न विचारता फाइल स्वतःच्या मशीनवर घेतली आणि सलग काही दिवस तो तिच्यात डोकं घालून बसला. एक दिवस माझ्या टेबलावर चहा ठेवून म्हणाला, "सॉरी यार. मधला भागच नाहीये. जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून आणणार?"

त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. हॉस्पिटलात उशिरा पोचले तेव्हा जसं वाटलं होतं, अगदी तसंच परत वाटलं. आपल्याला येत होतं ते सगळं करून झालं आणि माणूस हातातून गेलं.

पुढच्या रविवारी मुलुंडला गेले. आरेतून येणाऱ्या बसमध्ये सगळ्या रस्ताभर आईला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. घरात शिरले तर ती टेबलाशीच होती. समोर तीच थांबलेली पट्टी, तीच घरघर. रोज चारला ती उघडून बघतच होती, सुटतं का म्हणून.

मी जुळवलेली वाक्यं बाजूला ठेवली. "आई, नाही होत गं. ते पान गेलं. आतला चालू होईल, पण ते टाकून द्यावं लागेल, मगच."

"टाक," ती म्हणाली. "रोज उघडते आणि रोज त्याला धाप लागलेली ऐकते. ऐकवत नाही. सोड त्याला."

मी माऊस धरला. असली बटणं मी कामात रोज दाबते, बेफिकीर दाबते. इथे प्रोग्रॅमने विचारलं की नक्की टाकू का, हे परत मिळणार नाही. माझं बोट उठेना. शेवटी आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबलं.

आतला चालू झाला. अगदी सुरुवातीपासून, ताज्या संगणकासारखा. त्याचं ते जुनं सुरुवातीचं संगीत वाजलं तशी आई दचकली. बांधून ठेवायची सवय लागल्यापासून घरात ते कोणी ऐकलंच नव्हतं. मी पप्पांचा प्रोग्रॅम उघडला. कोरं पान.

"त्यांचं काहीच नाही राहिलं?" आईने विचारलं.

"प्रोग्रॅम आहे. अक्षरं आहेत. लिहिलेलं नाही."

ती खुर्ची ओढून जवळ बसली. "मग लिही. मी सांगते." आणि ती पाठ म्हणायला लागली.

पप्पांच्या प्रोग्रॅमचा कीबोर्ड मला येत नव्हता. तो जुना, टाइपरायटरच्या वळणाचा. एकेक अक्षर शोधत, चुकत, खोडत मी लिहीत होते आणि ती माझ्यासाठी थांबत होती. सर्व सभासदांना कळविण्यात येते की, उद्या बुधवारी इमारतीची पाण्याची टाकी साफ करण्यात येणार आहे. "इथे ओळ तोड," ती म्हणाली, "त्यांनी तोडली होती." सकाळपासून दुपारपर्यंत पाणी येणार नाही. तरी सर्वांनी आजच पाणी भरून.

माझी बोटं सवयीने पुढच्या अक्षराकडे गेली. तिने मनगट धरलं.

"थांब. इथे मी चहाला हाक मारली."

आम्ही दोघी थांबलो. कर्सर लुकलुकत होता, अगदी पूर्वीच्या जागी. दिसायला सगळं तेच होतं. मला वाटलं, जमलं. निदान एवढं तरी मी आणून दिलं. आईही बघत होती. मग तिची नजर सवयीने खालच्या कोपऱ्यात गेली.

नव्याने चालू होताना आतल्याने बाहेरच्याची वेळ उचलली होती. रविवार होता. आजची तारीख होती.

"संपला मंगळवार," ती म्हणाली.

मी घाईघाईने म्हटलं, "आई, मी मागे घेते. आत्ता घेते, एक मिनिट."

"नको गं." तिने डोळ्यांना पदर लावला नाही, नुसती कोपऱ्याकडे बघत राहिली. "म्हणजे बुधवार होऊन गेला. टाकीपण कधीच साफ झाली. मीच आपली धरून बसले होते." मग म्हणाली, "लिही, 'ठेवावे'. वाक्य पुरं कर. सवयच ती त्यांची, वाक्य अर्धं सोडलं की रात्री झोप लागायची नाही."

मी 'ठेवावे' लिहिलं. ते चार वेळा चुकलं, कारण मला दिसत नव्हतं.

"आता बंद कर," आई म्हणाली. "बांधून नको ठेवू. नीट, पूर्ण बंद कर."

मी पूर्ण बंद केला. खिडकी मिटली, पंखा शांत झाला. आई उठून स्वयंपाकघरात गेली, गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि आमच्या दोघींचे कप काढता काढता तिने सवयीने तिसरा कप काढला. तो हातात धरून ती ओट्याशी उभी राहिली, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडली.